बीरगांवच्या अभ्यासिकेतला मुका डबा

“झाकण उघडून दाखव, मंग बोल.”

रायपूरजवळच्या बीरगांवात विनोदिनी रामटेके यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं होतं. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला की त्याला हेच. दारावर साड्यांचं गाठोडं घेऊन येणाऱ्याला हेच. भेंडीला झाकण नसतं, म्हणून भाजीच्या ठेल्यावर त्या भेंडीचा शेंडाच मोडून पाहायच्या. कट् असा आवाज आला तर भेंडी पिशवीत जायची. नाही आला, तर ठेलेवाल्या नत्थूकडे अशा बघायच्या, जणू त्यानेच ती चावून मऊ करून ठेवली आहे.

एकदा नत्थूने हसत विचारलं, “दीदी, बहू ला घलो अइसने टोर के देखे रहेस का?” सुनेलाही असंच मोडून पाहिलं होतं का, असं तो विचारत होता.

“सुनेले शेंडा नाही ना रे,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “असता तर पाह्यला असता.”

सून शर्मिष्ठा पिशवी धरून मागेच उभी होती. तीही हसली. पण ठेल्यापासून घरापर्यंत ते वाक्य तिच्या सोबत चालत राहिलं.

शर्मिष्ठाचा जन्म रायपुरातला. मराठी तिला सगळी कळायची, पण तोंडातून उत्तर हिंदीतच निघायचं आणि तेही मोजकं. नवा रायपूर इथल्या एका सरकारी संस्थेत ती संगणकावर काम करायची. सकाळची बस, संध्याकाळची बस, आल्यावर स्वयंपाक. घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजाखाली जायचा. तिचा नवरा यशदीप उरला या जवळच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर होता, आणि पाळीवरून आलेला माणूस आधी झोपतो, मग बोलतो. त्यामुळे घरात दिवसभर समोरासमोर असायच्या त्या या दोघीच. विनोदिनीबाईंना कमी बोलणाऱ्या माणसाचा भरवसा नव्हता. यशदीपला त्या एकदा म्हणाल्या होत्या, “बोलत नाही म्हंजे पोटात काहीतरी ठेवून राहिली.” स्वयंपाकघराची भिंत अर्ध्या विटेची होती. शर्मिष्ठाने ते ऐकलं होतं.

हा संशय बाईंच्या अंगात कुठून आला, त्याची एक गोष्ट घरात सांगितली जायची. तरुणपणी त्या टायपिंग शिकायला गेल्या. तिथे कोपऱ्यात एक संगणक बंद पडून होता. मास्तर म्हणाले, याचा जीव गेला, आता हा कबाडात जाणार. विनोदिनीबाईंनी विचारलं, तुम्ही झाकण उघडून पाह्यलं का. मास्तरांनी पाहिलं नव्हतं. बाईंनी उघडलं, तर आत उंदराने घर केलेलं. कागदाचे कपटे, शेंगदाण्याची फोलं आणि कुरतडलेली एक तार. तार बदलली आणि मशीन उठून बसली. त्या दिवसापासून त्यांना जगातली प्रत्येक बंद वस्तू उंदराचं घर वाटू लागली. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते चाललंही. त्यांच्या हातची मशीन म्हणजे उभा, रुंद, गुडघ्याएवढा सीपीयू. आत एक तरी खाच रिकामी ठेवलेली. आज पैसा नाही, उद्या येईल, तेव्हा रॅम कुठे बसवाल, असं त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या. त्यांच्या घराच्या छतावरही वरच्या मजल्यासाठी लोखंडी सळया सोडलेल्या होत्या, गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. मजला कधी चढला नाही. पण सळया कापा, असं कुणी म्हटलं तर त्या दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

त्यांचे यजमान हिरालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “मी जिंदगीभर डब्बे दुरुस्त केले, माह्या बायकोनं पण डब्बेच केले. फरक एवढाच, माह्या डब्ब्यात कोळसा जाये, हिच्या डब्ब्यात जीव.”

हा जीव सगळ्यात जास्त गुंतला होता तो बुद्ध विहाराच्या मागच्या खोलीत. तिथे अभ्यासिका होती. वस्तीतली पोरं-पोरी रेल्वेच्या आणि व्यापमच्या, म्हणजे राज्याच्या नोकरभरतीच्या परीक्षांची तयारी तिथे करायची. चार उभे सीपीयू बाईंनी स्वतः जोडून दिलेले. कुणाच्या ऑफिसातून निघालेली डिस्क, कुणी टाकून दिलेला रॅम, असं गोळा करत करत त्यांनी त्या मशिनी वाढवल्या होत्या, जसं गरिबाचं पोर शेजारपाजारच्या कपड्यांत वाढतं. चारही मशिनींची एक बाजू कायम उघडी. आणि उरल्याची काळी धूळ कुणाचं ऐकत नाही. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर ती बसते, तुळशीच्या पानावर बसते, तशी मशिनींच्या पोटात बसायची. दर रविवारी वंदना झाली की बाई ब्लोअर घेऊन यायच्या, पोरं तोंडाला रुमाल बांधून अंगणात जायची, आणि खिडकीतून काळा धूर निघावा तशी धूळ निघायची. अभ्यासिकेची किल्ली बाईंच्या कमरेला असायची. दुकान बंद करून झोपताना त्या पाकीट कुठेही टाकत, पण किल्ली उशाखाली.

त्या किल्लीवरच गोष्ट आली.

विहाराच्या समितीचे सचिव निरंजन गजभिये. रेल्वेत तिकीट तपासनीस होते, आता निवृत्त. समितीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. मशिनींचे पंखे घरघरतात, पोरांना वाचता येत नाही. टेबलावर वही ठेवायला जागा नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर दोनच मशिनी ओढतो, बाकीची पोरं अंधारात बसतात. आता हाताच्या तळव्याएवढे डबे मिळतात. पंखा नाही, धूळ आत जात नाही, इन्व्हर्टरवर सगळेच चालतील. आधी एक आणून पाहू. अशोक विजयादशमीला सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन येतील, त्यानंतरच्या रविवारी ठरवू. डबा नीट चालला तर बाकीचे आणायचे आणि उभ्या मशिनी भंगारात द्यायच्या.

“अन किल्ली?” विनोदिनीबाईंनी विचारलं.

निरंजनभाऊंनी चष्मा पुसला. “वहिनी, मंग रोज उघडून साफ करायचं कामच राहणार नाही. किल्ली विहाराच्या खुंटीले टांगली तरी चालते.”

शर्मिष्ठा मागच्या रांगेत बसली होती. तिने पाहिलं, सासूबाईंचा हात पदराखालून कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला.

डबा आला तेव्हा अभ्यासिकेत लग्नघरासारखी गर्दी झाली. निरंजनभाऊंनी तो खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. काळा, गुळगुळीत, पाटवड्यांच्या डब्याएवढा. विनोदिनीबाईंनी तो तळहातावर घेतला, वर-खाली करून वजन पाहिलं. उलटा केला. चार कोपऱ्यांना रबराचे चार पाय, बाकी सगळं सपाट. कानाजवळ नेला.

“चालू हाय का हा?”

“चालू हाय, वहिनी. पाहा ना, लाइट लागला.”

“आवाज काहून नाही?”

“पंखाच नाही तर आवाज कसा येईन?”

“श्वास घेत नाही अन म्हणतो जिता हाय.” बाईंनी डब्यावर बोटांनी टकटक केली. “याचे स्क्रू कुठं हायत?”

“स्क्रू नाहीत. उघडायचाच नाही तो.”

“ज्याले उघडू देत नाहीत, त्याच्या आत काय ठेवलं, हे तुम्हाले कसं माहीत, गजभियेभाऊ? तुम्ही तर जिंदगीभर लोकांचं तिकीट पाहून मंगच बसू देत होते.”

पोरं हसली. निरंजनभाऊही हसले, पण जरा उशिरा.

शर्मिष्ठा दारात उभी होती. स्क्रू कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं. चार रबरी पायांच्या खाली, पाय नखाने उचकटले की दिसतात. तिला ठाऊक होतं, कारण तो डबा तिनेच निवडला होता. निरंजनभाऊ एकदा बसथांब्यावर भेटले होते. तुमच्या ऑफिसात कसे कॉम्प्युटर आहेत, म्हणून त्यांनी विचारलं. संगणकाच्या पडद्यामागे टांगलेल्या लहान डब्यांचं तिने वर्णन केलं. पुढे ते म्हणाले, बेटा, तूच एक पाहून दे, पण तुझं नाव निघणार नाही, तुझ्या सासूचा स्वभाव मला माहीत आहे. शर्मिष्ठा दुकानात गेली. दुकानदाराने तिला डबा उघडून दाखवला होता आणि सांगितलं होतं, “मैडम, ढक्कन धीरे उठाना, डिस्क की पट्टी ढक्कन से लगी है।” हे सगळं तिच्याजवळ होतं. पण स्क्रू दाखवले असते तर पुढचा प्रश्न आला असता की तुला कसं माहीत.

ती दारातून बाजूला झाली.

त्या दिवसानंतर बाईंचं दुकान अर्धवेळ झालं. दुपारी शटर अर्धं ओढून त्या अभ्यासिकेत जायच्या आणि डब्यासमोर बसायच्या, सापाच्या बिळासमोर मुंगसाने बसावं तशा. पोरांचे सराव पेपर आता डब्यातल्या डिस्कवर ठेवले होते. पिंकी नावाची पोरगी, रेल्वेची परीक्षा देणार होती, ती सगळ्यात जास्त त्यावरच बसायची. बाई तिला विचारत राहायच्या. अटकला का? नाही, आंटी. गरम झाला का? थोडा. थोडा म्हणजे किती? हात लावून पाहा ना, आंटी. बाई हात लावायच्या आणि पोराचा ताप पाहावा तसा हात तिथेच ठेवायच्या. डबा अटकत नव्हता. त्यामुळे बाईंचा संशय कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

घरी एकदा भेंडी चिरता चिरता त्यांनी विचारलं, “शर्मिष्ठा, हा डब्बा कोणाच्या डोक्यातून निघाला असंन वं?”

शर्मिष्ठा कणीक मळत होती. “मुझे क्या मालूम, आई।”

“गजभियेभाऊच्या डोक्यातून तर नाही निघाला. त्यांले मोबाइलचा आवाज वाढवता येत नाही.” विळीवर भेंडी सरकली. “कोणीतरी सांगणारं हाय. घरातलं जाणणारं. इन्व्हर्टर दोनच मशिनी ओढते, हे बाहेरच्याले काय माहीत?”

शर्मिष्ठाने कणकेत पाणी जास्त घातलं. “समिति में किसी ने बोला होगा।”

“हव,” बाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. कणकेकडे बघत होत्या. “कणीक पातळ झाली.”

मग घरात संशयाचं वारं वाहू लागलं. ते दिसत नव्हतं, पण प्रत्येक पडदा हलवत होतं. शर्मिष्ठा ऑफिसातून आली की बाईंची नजर तिच्या पर्सवर पडायची. शर्मिष्ठा फोन घेऊन छतावर गेली की थोड्याच वेळात बाई वाळलेले कपडे काढायला छतावर यायच्या, मग कपडे वाळलेले असोत की ओले. दोघी सळयांच्या मधून एकमेकींकडे पाहायच्या आणि कुणीही काही विचारायचं नाही. यशदीपच्या लक्षात आलं तेव्हा तो म्हणाला, “काय चाललं तुमचं?” दोघींनी एकदमच उत्तर दिलं. एक म्हणाली “काही नाही”, दुसरी म्हणाली “कुछ नहीं”. तो पुन्हा झोपला.

अशोक विजयादशमी आली. त्या दिवशी सगळं रायपूर रावण पाहायला मैदानांकडे वळतं आणि ही वस्ती मात्र नागपूरच्या गाडीकडे. पांढरे कपडे घातलेली माणसं, डब्यांत पुऱ्या, लेकरांच्या हातात निळे झेंडे. रामटेके घराण्यातलं कुणी त्या दिवशी बीरगांवात राहिलं असं कधी घडलं नव्हतं. सकाळी विनोदिनीबाईंनी पांढरी साडी काढली, आणि परत पेटीत ठेवली.

“माह्यानं होत नाही. गुडघा दुखून राहिला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जा.”

हिरालाल घाबरले. “मी थांबतो तुह्याजवळ.”

“थांबून काय माह्या गुडघ्याची वंदना करता? जा.”

शर्मिष्ठाने पुऱ्यांचा डबा बांधता बांधता ते ऐकलं. काल संध्याकाळीच सासूबाई छतावर चढून सळयांवरच्या बाटल्या नीट करत होत्या. दोन-दोन पायऱ्या गाळून उतरल्या होत्या. कुठला गुडघा? तिच्या मनात जो विचार आला, तो आजवर त्या घरात फक्त सासूबाईंच्या मनात येत असे. हिचं झाकण उघडून पाहायला पाहिजे.

स्टेशनवर फलाट माणसांनी फुलला होता. गाडी लागायच्या आत शर्मिष्ठाने यशदीपला सांगितलं की ऑफिसचा फोन आला, अर्जंट आहे. सुटीच्या दिवशी कसलं अर्जंट, हे त्याने विचारलं असतं, पण गर्दीने त्याला आत ढकललं. ती बाहेर आली, ऑटो केला आणि बीरगांवच्या नाक्यावर उतरली.

वस्ती रिकामी होती. दारांना कुलपं, अंगणात कोंबड्या. विहारासमोर नत्थूचा ठेला तेवढा उभा होता. तो छत्तीसगढी माणूस, त्याला नागपूरला जायचं नव्हतं. त्याने शर्मिष्ठाला पाहिलं आणि मान हलवली. ती विहाराच्या कडेने मागे गेली. ठेल्याच्या बाजूची अभ्यासिकेची खिडकी अर्धी उघडी होती.

आत विनोदिनीबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. पुढे वर्तमानपत्र, त्यावर डबा उलटा. हातात त्यांचा जुना पेचकस, पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. त्या डब्यावरून बोटं फिरवत होत्या, आंधळ्याने चेहरा ओळखावा तशी. कडांवरून, कोपऱ्यांवरून. बोट एका रबरी पायाशी आलं आणि थांबलं. त्यांनी नख खाली घातलं. पाय उचकटला.

खाली स्क्रू होता.

“अस्सं,” बाई डब्याला म्हणाल्या. “पायाखाली लपवलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून शर्मिष्ठाला वाटलं, आत्ताच मागे फिरावं. तो राग नव्हता. आपण आयुष्यभर ज्याचा संशय घेतला ते खरंच तिथे निघालं, याचं ते समाधान होतं, आणि असं समाधान दुसऱ्याने पाहू नये. स्क्रू एकेक करून निघाले. बाईंनी झाकणाच्या कडेला पेचकसाचं टोक घातलं.

धीरे, आई. पट्टी ढक्कन से लगी है।

वाक्य शर्मिष्ठाच्या जिभेवर आलं होतं, पूर्ण, शब्दन् शब्द. ते बोलली असती तर एका क्षणात सगळं उघडं पडलं असतं. ती इथे काय करते, तिला हे कसं माहीत, डबा कुणी निवडला. तिने खिडकीचा गज घट्ट धरला आणि तोंड मिटलं.

बाईंनी झाकण ओढलं, त्यांच्या उभ्या सीपीयूचं झाकण ओढावं लागायचं तसं, जोराने. चर्र असा बारीक आवाज झाला. झाकण हातात आलं आणि त्याच्यासोबत केशरी रंगाची फाटकी पट्टी.

त्यांनी झाकण वर्तमानपत्रावर ठेवलं. मग खाली वाकून आत पाहू लागल्या. उंदीर नव्हता. धूळही नव्हती, चिमूटभरसुद्धा. सगळं स्वच्छ, नव्या वहीच्या पानासारखं. आणि एका बाजूला, रॅमच्या पट्टीच्या शेजारी, एक खाच रिकामी. बाईंनी त्या रिकाम्या खाचेवर करंगळी ठेवली आणि ती तिथेच राहू दिली. शर्मिष्ठा पावलांचा आवाज न करता तिथून निघाली.

संध्याकाळी ती घरी आली, ऑफिसातून आल्यासारखी. बाईंनी चहा दिला. “काम झालं?” “हाँ।” “तुमचा गुडघा?” हे मात्र तिने मराठीत विचारलं, का कोण जाणे. “बरा हाय,” बाई म्हणाल्या. चहा दोघींनी संपवला.

नागपूरहून माणसं परतली आणि दुसऱ्या दिवशी पिंकी रडवेली होऊन निरंजनभाऊंकडे गेली. डबा चालू होतो, पण डिस्क दिसत नाही. सराव पेपर एकही सापडत नाही. परीक्षा तोंडावर आली होती. भाऊंनी डबा हलवला, वायर काढून लावली, पुन्हा हलवला. मग त्यांच्यातला तिकीट तपासनीस जागा झाला. वस्ती रिकामी असताना इथे कोण आलं होतं? वस्तीत होत्या फक्त विनोदिनीवहिनी, गुडघ्याने अंथरुणावर, आणि किल्ली त्यांच्याच घरात. त्यांनी नत्थूला विचारलं. नत्थू भोळा माणूस. त्याचा ठेला लागायच्या आधीच बाई आत गेल्या होत्या; जे पाहिलं ते त्याने सांगितलं, “बहू हा खिड़की तीर ठाढ़े रिहिस।” सून खिडकीजवळ उभी होती.

रविवारी वंदना झाली. माणसं उठली नाहीत, कारण सगळ्यांना माहीत होतं की आता काहीतरी होणार आहे. निरंजनभाऊंनी डबा पुढच्या टेबलावर ठेवला.

“शर्मिष्ठा बेटा, राग नको मानू. तू त्या दिवशी गाडीत नव्हती. यशदीपले म्हणे ऑफिसात गेली. पण नत्थूनं तुले इथं पाह्यलं.”

यशदीपने मान वळवून बायकोकडे पाहिलं. शर्मिष्ठा उभी राहिली. तिचे हात ओढणीच्या टोकाशी खेळत होते. तिने सासूकडे पाहिलं नाही.

“मैं आई थी,” ती म्हणाली. “खिड़की तक।”

“मंग?”

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“बोल ना, बेटा. काय पाह्यलं, काय केलं?”

ती गप्पच राहिली. एका शब्दात सुटका होती, आणि तो शब्द पहिल्या रांगेत बसला होता. विनोदिनीबाई सुनेकडे बघत होत्या. खिडकीपर्यंत, ही म्हणाली. म्हणजे हिने सगळं पाहिलं. त्या दिवसापासून हिला माहीत होतं, हिने चहा प्यायला, गुडघा विचारला, आणि आताही, सगळ्यांसमोर, हिचं तोंड बंद.

कुणीतरी मागून म्हणालं, “झाकण उघडून दाखव म्हणा, वहिनी.” दोघं-तिघं हसले.

विनोदिनीबाई उठल्या. “हव,” त्या म्हणाल्या. “दाखवतो.”

त्यांनी पिशवीतून पिवळ्या मुठीचा पेचकस काढला, डबा उलटा केला आणि चारही रबरी पाय उचकटले. स्क्रू दिसले तसे निरंजनभाऊ पुढे झुकले. बाईंनी झाकण या वेळी हळू उचललं, आणि फाटकी पट्टी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

“हे मी तोडलं. गुडघा दुखत नव्हता. तुम्ही सगळे वंदनेले गेले अन मी इथं चोरावाणी बसली होती. या पोरीनं काहीच नाही केलं.” मग त्यांनी डबा सगळ्यांकडे वळवला. “डिस्क साबूत हाय. फक्त रस्ता तुटला तिचा. अन हे पाहा. मी म्हणत होती याच्यात जागा नाही. एक स्लॉट रिकामा हाय. डब्बा वाईट नाही, गजभियेभाऊ. मुका हाय, पण वाईट नाही.”

त्यांनी डिस्क काढली, सगळ्यात जवळच्या उभ्या सीपीयूच्या उघड्या बाजूत हात घातला आणि तिथल्या मोकळ्या तारेला ती लावली. पंखा घरघरला. पिंकी धावत गेली. पडद्यावर सराव पेपर आले, जसे होते तसे.

निरंजनभाऊ चष्मा काढून उभे होते. “वहिनी, मले सांगितलं असतं तर...”

“तुम्हाले कुठं माहीत होतं की स्क्रू हायत?” बाई म्हणाल्या आणि त्यांची नजर ओझरती सुनेवर गेली. “ज्याले माहीत होतं, त्याले विचारा.”

सभेत कुणाला काही कळलं नाही. निरंजनभाऊंना कळलं, त्यांनी खाली पाहिलं. आणि शर्मिष्ठाला कळलं. तिचा आवाज निघाला, आणि निघाला तो मराठीत, अडखळत, लहान मुलाने पहिल्यांदा सायकल चालवावी तसा.

“मी आणला होता. मीच पसंत केला. दुकानात विचारलं होतं, एक स्लॉट रिकामा आहे का. आईले लागते म्हणून.” ती थांबली. “पट्टीचं पण मले माहीत होतं. खिडकीत उभी होती. बोलली नाही मी.”

विनोदिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी पेचकस पिशवीत टाकला. मग पदराखाली हात घातला, कमरेची किल्ली सोडवली आणि निरंजनभाऊंच्या हातावर ठेवली.

“कोणाले द्याची ते तुम्ही ठरवा. लपून उघडणाऱ्याजवळ नको.”

हिरालाल म्हणाले, “अवं, थांब तर.” त्या थांबल्या नाहीत. कोपऱ्यातला सगळ्यात जुना सीपीयू त्यांनी उचलला, ज्याच्यापासून अभ्यासिका सुरू झाली होती तो, आणि लेकरू घ्यावं तसा कडेवर घेतला. यशदीप मदतीला धावला, त्याला त्यांनी कोपराने बाजूला केलं.

शर्मिष्ठा खिडकीशी गेली. तीच खिडकी, या वेळी आतून. मागे निरंजनभाऊ किल्ली तळहातावर घेऊन तिच्याजवळ येऊन उभे राहिले होते. “घे बेटा,” ते हळूच म्हणत होते. तिने अजून हात पुढे केला नव्हता.

बाहेर उन्हात विनोदिनीबाई चालल्या होत्या. कडेवरच्या मशिनीची उघडी बाजू बाहेरच्या अंगाला होती आणि आतल्या तारा चालण्याबरोबर हलत होत्या. नत्थूच्या ठेल्यापाशी त्या थांबल्या. मोकळ्या हाताने एक भेंडी उचलली, अंगठ्याने शेंडा मोडला, कानाजवळ नेऊन ऐकला. नत्थू काहीतरी बोलला. त्यांनी भेंडी परत ठेवली आणि उरल्याच्या रस्त्याने घराकडे वळल्या. एक ट्रक गेला, त्याच्यामागून काळी धूळ उठली. धूळ बसली तेव्हा वळणावर कुणी नव्हतं. शर्मिष्ठा तरी तिकडेच बघत होती.